ओट्याची उंची

लाखनीहून निघालेला छोटा हत्ती टेम्पो नऊच्या आधीच सिहोऱ्यात पोचला. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती. शालू मागे हौद्यात, गोणपाटात गुंडाळलेल्या दगडाला पाठ टेकून बसून आली होती. केसांत धूळ, पदर कमरेला खोचलेला. खेमराज अंगणातून धावला तशी ती ओरडली, "आधी दगड उतरव दादा, मग मले! कोपरा उडाला तर मी इथून हलनार नाही."

दगड म्हणजे साडेनऊ फुटांचा काळा ग्रॅनाइट. लाखनीला हायवेवरचा एक ढाबा बंद पडला, त्याच्या रसोईतला. शालूचा नवरा समोरच पंक्चरचं दुकान चालवतो. सामान विकायला काढलं आहे हे त्याने सांगितलं, आणि शालू भिशीचे पैसे घेऊन स्वतः जाऊन उभी राहिली. दगड, सिंक आणि भांड्यांची एक स्टीलची मांडणी, सगळं एका दमात घासाघीस करून उचलून आणलं होतं तिने.

दगड उतरवायला चौघे लागले. खेमराज, टेकचंद मिस्त्री, ड्रायव्हर आणि शेजारचा गोमाजी. म्हातारा बाप मंगरू पुढे झाला, पण खेमराजने त्याला नजरेनेच मागे सारलं. मंगरू परत विटांवर पाणी मारायला बसला. त्या विटाही पडलेल्या गोठ्याच्या होत्या. चुना खरवडून खरवडून खेमराजच्या बायकोने, ज्योत्सनाने, त्या आठ दिवसांत साफ केल्या होत्या.

स्वयंपाकघरात ओटा होत होता, पण त्यात नवीन असं थोडंच येणार होतं. सिमेंट, नळाचे पाईप आणि तुमसरच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या टाईल्स. चार रंगांच्या होत्या त्या, कुठल्याच रंगाच्या एका भिंतीला पुरतील एवढ्या नव्हत्या. ज्योत्सनाने त्या अंगणात मांडून मांडून एक नक्षी जुळवली होती. हे सगळं तिच्या शिंगाड्यांवर चाललं होतं. दोन हंगाम ती तलावातले शिंगाडे उकडून बाजारोबाजारी विकत होती, आणि त्या पैशाला खेमराजने हात लावला नव्हता. मजूर परवडत नव्हता म्हणून तो स्वतः टेकचंदच्या हाताखाली घमेली उचलत होता. मच्छीमार संस्थेच्या तलावावर त्याच्या जागी जाळं टाकायला आज दुसरा गेला होता.

दगड आत भिंतीला टेकवून झाला आणि टेकचंदने टेप काढला.

"वहिनी, उंची सांगा. माल कालवून झाला आहे."

ज्योत्सना हात पुसत आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. ती उंच बाई. लग्नात खेमराजपेक्षा इंचभर जास्त भरली म्हणून वरातीत कुजबुज झाली होती. टेकचंदने तिचा कोपर पाहिला, चार बोटं खाली आला आणि कोळशाने भिंतीवर रेघ ओढली.

"चौतीस. एकदम बरोबर."

ज्योत्सनाने त्या रेघेवर तळहात ठेवला, जणू दगड आत्ताच तिथे आहे. खेमराजने तिचा चेहरा पाहिला आणि त्याला बरं वाटलं. बावीस वर्षं ही बाई जमिनीवर उकिडवी बसून भाकऱ्या टाकत आली होती.

"हे कोनाची उंची?" दारातून शालूने विचारलं.

"माही," ज्योत्सना म्हणाली.

"अन् माय?"

शालू आत आली आणि तिने रेघेला बोट लावलं. ते तिच्या कोपरापाशी आलं. सखाबाई तर लेकीहूनही ठेंगणी.

"मायचा हात पोचन काय इथे? दादा, तू सांग. पोचन काय?"

"अवं, पन माय उभी कुठे राहते?" खेमराज म्हणाला.

"आज नाही राहत. उद्या राहीन. डॉक्टर काय म्हनले होते? चालवा, फिरवा, उभी करा. तुमी तर तिले खुर्चीत बसवून मोकळे झाले!"

सोळा महिन्यांपूर्वी सखाबाई तलावाच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. जमिनीवर बसायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं. तेव्हापासून ती पुढच्या सपरीत, ओसरीवर, प्लास्टिकच्या खुर्चीवर असते. स्वयंपाकघर जमिनीवरचं, म्हणून तिचं तिथलं येणंच संपलं. ओटा करायचं ठरलं तेही तेव्हापासून. पण हा ओटा नक्की कोणासाठी, हे घरात कोणी मोठ्याने बोललंच नव्हतं. ज्योत्सनाने एक धरलं होतं, शालूने दुसरं.

टेकचंदने शालूच्या सांगण्यावरून खाली दुसरी रेघ ओढली. एकोणतीस.

"पाच इंचाचा फरक आहे जी," तो म्हणाला. "खालच्यावर वहिनीची कंबर जाईन. वरच्यावर मायचे खांदे जातीन."

"मंग मधात कर," खेमराज म्हणाला. "एकतीस-साडेएकतीस."

दोघी एकदम त्याच्याकडे वळल्या.

"म्हनजे दोघींची पाठ दुखली पायजे, असं काय?" ज्योत्सनाने विचारलं. शालूला क्षणभर हसू आलं, पण तिने ते गिळलं.

"माल सुकून राहिला," टेकचंद म्हणाला आणि तंबाखू मळायला बाहेर गेला.

*

शालूला हे भांडण करायचं नव्हतं. निघताना तिच्या डोळ्यांपुढे काही वेगळंच होतं.

लग्नाला अठरा वर्षं झाली. ती माहेरी आली की अंगणात पिशवी ठेवायच्या आतच स्वयंपाकघरातून हाक यायची, "आली काय वं?" माय मान वळवायची नाही, पावलांवरून ओळखायची. मग आत गेलं की तव्यावरची पहिली भाकर ताटात. मागच्या राखीला ती आली तर तीच हाक सपरीतून आली. खुर्चीतून. माय तिच्यासारखीच पाहुणी होऊन बसली होती. शालूने त्या दिवशी जेवताना काय खाल्लं ते तिला आठवत नव्हतं.

म्हणून तो दगड दिसला तेव्हा तिने किंमत विचारायच्या आधी त्यावर हात ठेवून पाहिला होता. यावर माय उभी राहील. वॉकर बाजूला ठेवून, दगडाला पोट टेकून उभी राहील, आणि पाठमोरी हाक मारेल. सत्तर किलोमीटर ती त्या दगडाशी पाठ लावून हेच ठरवत आली. आणि इथे येऊन पाहते तर चूल कालच तोडलेली. चुलीच्या जागी विटांचा चुरा, भिंतीवर काळा पट्टा आणि त्या पट्ट्याशेजारी वहिनीच्या उंचीची रेघ.

"चूल तोडली ते तरी सांगाचं होतं मले," ती म्हणाली. आवाज चढला होता.

"फोनवर सांगतलं होतं ना, सोमवारी काम सुरू होते म्हनून," खेमराज म्हणाला.

"काम सुरू होते म्हनलं. मायची चूल तोडतो नाही म्हनलं." ती ज्योत्सनाकडे वळली. "वहिनी, तुमचे पैसे लागले, मले मालूम आहे. पन घर पैशावर नाही चालत. तुमी सकाळी आठले टोपली घेऊन निघता, चार वाजता येता. दुपारी माय काय खाते? तुमी सकाळी झाकून ठेवलेलं, थंड. सोळा महिने झाले, माही माय दुपारी थंड भात खाते. तिची उंची विचाराले बी कोनी सपरीपर्यंत गेलं नाही."

"शालू!" खेमराज म्हणाला.

"मी खोटं बोलून राहिली काय? वहिनी, सांगा ना. खोटं आहे काय?"

*

ज्योत्सनाकडे याला एका वाक्याचं उत्तर होतं. ते वाक्य जिभेपर्यंत आलं आणि तिने खाली पाहिलं. पायाशी टाईल्सची रास होती. वरची टाईल निळी होती, एक कोपरा उडालेली. ती कापून खिडकीच्या बाजूला लावायची, हे तिने ठरवून ठेवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात एकदा तिची टोपली गावातल्या बाजारातच रिकामी झाली आणि ती बाराच्या सुमाराला घरी आली. मागच्या दाराशी पोचली तर आतून तेलात काहीतरी चरचरत होतं. मामाजी, तिचे सासरे, डोक्याला दुपट्टा बांधून, गॅसच्या शेगडीपुढे उकिडवे बसले होते. कढईत झिंगे होते. दारात खुर्ची ओढून आत्याबाई बसल्या होत्या आणि सांगत होत्या, "परतव ना, लागून राहिलं खाली." मामाजी परतवत होते. सुनेला पाहून आत्याबाईंनी पदराने तोंडच झाकून घेतलं. एवढी शरम ज्योत्सनाने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती, दवाखान्यात परक्या बायांनी त्यांना उचलून बसवलं तेव्हासुद्धा नाही.

संध्याकाळी त्यांनी तिला जवळ बोलावलं. "ज्योत्सना, हे कोनाले सांगू नको वं. पन्नास वर्स मी या मानसाले पानीसुद्धा हातानं घेऊ देल्लं नाही. आता तो माह्यासाठी रांधते. लोक काय म्हनतीन? माही पोरगी काय म्हनन?"

"नाही सांगत," ज्योत्सना म्हणाली होती. खेमराजलाही तिने सांगितलं नव्हतं. सकाळी झाकून ठेवलेला भात ती तेव्हापासून बेताचाच करायची, आणि दुपारी कोणी खाल्ला नाही तरी विचारायची नाही.

आता ती निळ्या टाईलकडे पाहत उभी राहिली. शालू थांबली होती, उत्तराची वाट पाहत. खेमराजही पाहत होता. बायको गप्प आहे म्हणजे तिला कबूल आहे, असं त्याला वाटतंय, हे ज्योत्सनाला कळलं. त्याचाच राग शालूपेक्षा जास्त आला.

"बोला ना," शालू म्हणाली.

"काय बोलू? तुमी म्हनता तर तसंच."

"थंड कोन खाते?"

आवाज मागच्या दारातून आला. मंगरू हातात पाण्याचा पाईप घेऊन उभा होता. पाईपातून पाणी त्याच्याच पायावर पडत होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"थंड कोनी खात नाही. मी रांधतो."

बाहेर टेकचंदचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"बा, तू?" शालू म्हणाली.

"हो. मी. भात करतो, झिंगे करतो, कधी आंबील करतो. भाकर नाही येत, फाटते." मंगरूने पाईप खाली टाकला. "तलावाच्या बांधावर, पारीवर राखनीले बसत होतो तरनेपनी, तेव्हा तिथे कोन रांधे? तुही माय येत होती काय तीन कोस चालत? आमी चौघं आपलं आपनच रांधू. मी रांधलं का बाकीचे बोटं चाटत. मग आता तिच्यासाठी रांधलं तर काय झालं?"

"पन सांगतलं नाही कधी," खेमराज म्हणाला. त्याला बापाकडे पाहायचं की बायकोकडे, ते कळत नव्हतं.

"तिनं शपथ घातली होती. तुह्या बायकोले मालूम आहे, मागच्या हिवाळ्यापासून. मालूम असून ऐकून घेऊन राहिली." मंगरू लेकीकडे वळला. "तिच्या तोंडाकडे तरी पाहाचं होतं बाई. मी इथे विटा भिजवत ऐकून राहिलो होतो. आता नाही ऐकू शकलो."

शालूने ज्योत्सनाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्योत्सनाने मान वळवली. डोळे भरले होते, आणि ते शालूला दिसू द्यायचे नव्हते.

तेवढ्यात सपरीकडून ठक, मग फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. परत ठक. वॉकर येत होता.

*

सखाबाईला सपरीतून सगळं ऐकू आलं होतं. या घराला दारं आहेत, पण ती कधी बंद होत नाहीत.

सोळा महिन्यांत ती पहिल्यांदा उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आली. दुपारी खुर्ची यायची ती दारापर्यंतच, आणि नजर कढईवर असायची. आज तिने आत पाहिलं. चूल नाही, फळी नाही, डबे नाहीत. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिच्या मनात एवढंच आलं, की ही खोली एवढी मोठी होती? पन्नास वर्षं ती धुराच्या एका कोपऱ्यात बसून राहिली आणि बाकीची खोली तिला दिसलीच नव्हती.

"सांगून टाकलं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"टाकलं," मंगरू म्हणाला.

"बरं केलं."

ती एवढं सहज म्हणाली की मंगरूच दचकला. खेमराजने धावत जाऊन खुर्ची आणली. ती बसली, गुडघ्यावरचं पातळ सारखं केलं आणि भिंतीवरच्या दोन्ही रेघा पाहिल्या.

"माय," शालू तिच्यापुढे बसली. "आपन ओटा तुह्या उंचीचा करू. तू उभी राहशीन. थोडं थोडं. आधी चहा, मग..."

"मी कायले उभी राहू?"

"रांधाले."

"तुले कोनं सांगतलं का मले रांधाचं आहे?"

शालूने भिंतीवरच्या खालच्या रेघेकडे पाहिलं.

"मले रांधनं कधी आवडलंच नाही वं शालू," सखाबाई म्हणाली. हे तिने कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा इतक्या स्पष्ट शब्दांत नाही. "करावं लागे म्हनून केलं. सोळाव्या वर्सी आली, सासूनं चुलीपुढे बसवलं, बसली. धुरानं डोळे गेले, पाठ गेली. तुमी म्हनत, मायच्या हाताची चव. मी म्हनत होती, लवकर आटपू दे, बजाराले जायचं आहे."

खेमराजला हसू आवरेना. "म्हनजे आमी एवढे वर्स..."

"तू हासू नको. माहं मन तिकडे, बजारात. मरळ असो का रोहू, मी विळीवर धरली का लोक उभे राहून पाहत. बारा रोहू कापाले दुसरीले जेवढा वेळ लागे, तेवढ्यात माह्या वीस होत. तुमसरचे हॉटेलवाले माह्याकडूनच कापून नेत." ती थांबली. हात उलटे करून तळवे पाहिले. "सोळा महिने झाले. तुमी मासोळ्या आनता, मागे सांदवाडीत बसून कापता, मले ताटात शिजून येते. माह्या हाताले मासोळीचा वास नाही आता. दवाखान्यातल्या बाईसारखे हात झाले."

ज्योत्सना पहिली हलली. ती सासूच्या खुर्चीजवळ आली.

"मग मले काहून नाही सांगतलं, आत्याबाई? मी तर उलटं समजत होती. तुमाले सयपाकघर गेल्याचं दुःख आहे, म्हनून मी उंचीचा विषयच काढला नाही तुमच्यापुढे. भीत होती मी."

"मी बी भीत होती. विळी मांगितली तर तुमी म्हनाल, म्हातारी जमिनीवर बसाले पाहते, अजून हाड मोडून घेते." सखाबाईने भिंतीकडे बोट केलं. "ते वरची रेघ राहू द्या. जी रांधते तिचा ओटा. शालू, तुहा दगड लई चांगला आहे. पन तू माह्यासाठी आनला, अन् मले काय पायजे ते विचारलं नाही. वहिनीले तेच बोलून राहिली होती ना तू?"

शालूने मान खाली घातली. मग एकदम वर करून विचारलं, "मग काय पायजे तुले?"

टेकचंद दारातच उभा होता. केव्हा आला कोणालाच कळलं नाही. "एक सांगू काय?" तो म्हणाला. "दगड साडेनऊ फूट, भिंत आठ फूट. दीड फूट तर कापाच लागते. त्या तुकड्याचं मी कपडे धुवाचा दगड करनार होतो."

पुढचं कोणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. खेमराजने खुर्ची उचलली, मंगरूने वॉकर धरला, आणि सखाबाईला सगळ्यांनी मिळून मागच्या दारातून सांदवाडीत नेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, टिनाच्या सावलीत, खुर्ची ठेवली. नळ तिथून दोन हातांवर. पाणी सरळ पपईच्या आळ्यात जाईल. सखाबाईने खुर्चीत बसून समोर हवेत हात धरले, डावा पुढे, उजवा जरा वर, आणि नसलेल्या विळीवर नसलेली मासोळी ओढली. शालूने टेप धरला.

"पंचवीस," शालू म्हणाली.

"चोवीस कर. जोर लावाले खाली पायजे."

"चोवीस, टेकचंदभाऊ. अन् कड गोल घासून द्या, मायच्या हाताले लागू नये."

माल खरंच सुकत आला होता. टेकचंदने शिव्या घालत त्यात परत पाणी मारलं. दुपारपर्यंत आतल्या ओट्याच्या तीन भिंती उभ्या राहिल्या. घमेली उचलायला आता दोघी होत्या. एकदा दोघींचे हात एकाच घमेल्यावर पडले तेव्हा शालू म्हणाली, "वहिनी, मी बोलली ते..."

"लागलं मले," ज्योत्सना म्हणाली. "लागलं नाही असं नाही म्हनत." मग घमेलं तिच्याकडे सरकवून म्हणाली, "दिवाळीत या. तेव्हापर्यंत विसरीन बहुतेक."

"दिवाळी तर आत्ताच झाली."

"मग पुढच्या."

शालू हसली आणि हसता हसता तिने नाक पदराला पुसलं. दुपारचा भात त्या दिवशी मंगरूने अंगणात तीन विटांवर केला, सगळ्यांसमोर, टेकचंद आणि गोमाजीसकट. खाली थोडा लागला होता. ते कोणी बोललं नाही, फक्त सखाबाई बोलली.

*

सिमेंटला पाणी देऊन, टाईल्स लावून, सिंकचा पाईप जोडून सगळं तयार व्हायला बारा दिवस गेले. मांडणीचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली टाईलचा तुकडा आला. नळाची तोटी ठिबकत होती, ती पुढच्या बाजाराला बदलायची होती. चार रंगांची भिंत पाहायला गोमाजीची बायको दोनदा येऊन गेली, आणि आपल्याकडेही अशीच करायची म्हणाली.

पहिल्या दिवशी ज्योत्सना ओट्यापुढे उभी राहिली आणि तिचं तिलाच विचित्र वाटलं. हात आपोआप खाली जात होते, डबा जमिनीवर शोधत होते. तिने शेगडी पेटवली, कढई ठेवली, कांदा घेतला. मग मान वर केली.

समोर खिडकी होती. बावीस वर्षं ती याच खोलीत रांधत होती, पण खाली बसून. तिथून खिडकीतून आभाळाचा एक चौकोन दिसायचा, दुसरं काही नाही. आज तिला पपईचं झाड दिसलं, त्यापलीकडे वाळत घातलेली जाळी, आणि खूप लांब तलावाची पार. पारीवरून कोणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं. कांदा चिरायचा सोडून ती त्या माणसाकडे पाहत राहिली, तो झाडाआड जाईपर्यंत.

खाली पाण्याचा आवाज होता. राखेत घोळवलेली मरळ विळीवर ओढली जात होती, खर्र, खर्र. टोपल्यात खेमराजने सकाळी आणलेल्या चार मरळी होत्या, आणि दोन गोमाजीकडच्या. त्याच्या बायकोने "मावशीच्या हातानं कापून द्या" म्हणून पाठवल्या होत्या. मंगरू शेजारी बसून लसूण सोलत होता आणि सखाबाई त्याला जाड साल काढल्याबद्दल बोलत होती.

"ज्योत्सना, झालं वं तेल?"

"होऊन राहिलं, आत्याबाई."

खिडकीतून एक हात वर आला. मनगटापर्यंत खवल्यांनी चमकणारा, ताट पेललेला. ताटात मरळीचे तुकडे एकसारखे, एकही मोठा नाही, एकही लहान नाही. ज्योत्सनाने वाकून ताट घेतलं. या घरात मासोळीला हळद-मीठ नेहमी सखाबाईच लावायची. दवाखान्यातून आल्यावरही हळद-मिठाची वाटी सपरीत जायची आणि तिच्या अंदाजाने भरून परत यायची.

"मीठ लावलं काय?" ज्योत्सनाने विचारलं.

"नाही लावलं," खालून आवाज आला. "मी रांधत नाही आता. तुह्या अंदाजानं टाक."

ज्योत्सनाने मिठाच्या डब्यात हात घातला. क्षणभर ती थांबली. मग बाहेर पारीकडे पाहत, मोजल्याशिवाय, तिने मीठ टाकलं.